यादोरावजींचा उतार

यादोरावजी उमाटे कोणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत. तांब्या आला की अर्धा पीत आणि उरलेला अर्धा, यजमानाच्या डोळ्यांत बघत, शांतपणे जमिनीवर ओतत. मग धोतर सावरून उकिडवे बसत आणि पाणी कुठे जातं ते पाहत. घरातली मंडळीही पाहत. दुसरं करणार काय? पाणी थांबलं की यादोरावजी उठून निकाल देत, "तुमचं घर बैठकीकडं कलते. शंभराले एक." किंवा, "उतार चांगला आहे, पण दाराजवळ जमिनीचं पोट सुटलं." आणि मग, काहीच झालं नाही अशा थाटात, "हं, आता चहा येऊ द्या," म्हणत.

आर्वीत त्यांना ओळखत नाही असं कोणी नव्हतं, त्यामुळे शहाण्या बाया त्यांना अर्धाच तांब्या देत. तर हा गृहस्थ तहानलेला राही, पण ओतायचं काही सोडत नसे.

हे वेड त्यांना लागलं ते रेल्वेत. पुलगाव ते आर्वी जी छोटी गाडी चाले, तिच्यावर यादोरावजी गार्ड होते. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात उभं राहून गेली. गाडीची चाल अशी की पोट्टे उतरून रुळाकाठच्या बोरी झोडत आणि खिसे भरून पुन्हा त्याच डब्यात चढत. मग गार्डाने दिवसभर बघायचं काय? रुळाच्या कडेला चढ-उताराच्या पाट्या असतात, त्या बघायच्या. इथे शंभराला एक, तिथे दीडशेला एक. त्या पाट्या बघून बघून माणसाच्या डोक्यात उतार भरला. पेन्शनीत निघाले तेव्हा त्यांच्यासोबत घरी तीन वस्तू आल्या, हिरवी झेंडी, लाल झेंडी आणि शिट्टी. पैकी शिट्टी त्यांच्या तोंडातच असे.

मी हायस्कुलात मास्तर म्हणून आर्वीत आलो तेव्हा आम्ही विदर्भातले लोक अजून मध्य प्रदेशातच होतो. माझं गाव रोहणा. तिथे भावाचं घर, भावाची शेती, मला तिथे काही काम नव्हतं. खोली शोधत यादोरावजींच्या दारात गेलो. खाली ते आणि त्यांची बायको, वर टिनाची माडी रिकामी. त्यांनी मला माडीवर नेलं. मी भाडं विचारायला तोंड उघडलं तर म्हणतात, "थांबा मास्तर. जात-गोत मले काई विचाराचं नाई. एकच सवाल. हे पाणी कुठी जाईन?" आणि तांब्या तिरका केला.

मी गोंधळलो. "खाली जाईल," म्हणालो.

"पास!" ते ओरडले आणि खिशातून हिरवी झेंडी काढून दाखवली. "लाईन क्लेर! या राहाले. तुमच्या आधी एक बाबू आलता. तो म्हणे उत्तरेकडं जाईन. मनलं, बाप्पा, पाणी वतलं नाई अन् तुले दिशा समजली? बोलाचं नाई, वताचं!"

'बोलाचं नाई, वताचं' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गल्लीत दोन घरांचं भिंतीवरून भांडण लागो, नवरा-बायकोचं लागो, की मारुतीच्या देवळात चौथऱ्याच्या फरशीवरून लागो, यादोरावजी बादली घेऊन हजर. बादली ओतली की भांडण आपोआप थांबे, कारण दोन्ही पक्षांचे पाय ओले होत आणि दोघेही मिळून त्यांनाच शिव्या देत.

पंगतीत तर त्यांची फार धास्ती. पत्रावळीवर कढी वाढली की ती ज्याच्या त्याच्या नशिबाने वाहते, हे आपण सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. यादोरावजींना ते मान्य नव्हतं. वाढपी यायच्या आधी ते तांब्या घेऊन ओळीतून फिरत आणि एकेकाची पत्रावळ फिरवत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बापाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. व्याही रुसून बसला. "कढी पाहाय, कढी," यादोरावजी त्याची समजूत घालत होते, "तोंड कायले पाहून राह्यला!" आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी एकाचीही कढी मांडीवर आली नाही.

भाच्यासाठी मुलगी पाहायला वडनेरला गेले तो किस्सा तर अजून सांगतात. मुलगी पोहे घेऊन आली. यादोरावजींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. तांब्या मागितला, अर्धा प्याले, अर्धा ओसरीवर ओतला. ते पाणी गेलं थेट मुलीच्या बापाच्या नव्या कोऱ्या सतरंजीखाली. "पोरगी असन चांगली," यादोरावजी म्हणाले, "पण ओसरी उलटी आहे." बाप लालबुंद झाला. भाचा रडकुंडीला आला. तेवढ्यात ती मुलगी आतून पोतेरं घेऊन आली, पाणी पुसलं, आणि खांबाजवळची जागा दाखवून म्हणाली, "मामाजी, इथून वता. इथून बाहेर जाते." यादोरावजींनी तिथून ओतलं. पाणी सरळ अंगणात गेलं. त्यांनी तिथल्या तिथे शिट्टी फुंकून लग्न ठरवलं. हुंडा-मानपानाचा शब्द काढू दिला नाही. ती सून पुढे त्या घरात सगळ्यात हुशार निघाली म्हणतात.

तर असा हा उताराचा महापंडित. आणि आता गंमत ऐका. सगळ्या गल्लीत सगळ्यात नासकी नाली कोणाची असेल, तर ती यादोरावजींची.

त्यांच्या माजघराखाली एक तळघर होतं. वडिलांनी सरकी साठवायला बांधलेलं. त्या काळी नाली फक्त घरासमोर होती, त्यामुळे मागच्या न्हाणीचं आणि चुलीजवळच्या मोरीचं सांडपाणी खापरी नळांनी तळघराच्या भिंतीला धरून, पार घराच्या पोटातून, समोर आणलेलं. ते नळ आता जागोजागी तडकले होते. तळघराच्या भिंतींना घाम फुटलेला, जमिनीवर चिखल, आणि पावसाळ्यात बेडकांची शाळा भरे. सरकी कधीच उचलली गेली होती. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडा पाषाण म्हणतात. आमच्याकडे पाषाणसुद्धा कोरडा नव्हता.

उपाय साधा होता. मागच्या बोळात नाली होऊन वर्षं लोटली होती. न्हाणीचं पाणी समोर आणण्यापेक्षा परसातून सरळ मागे काढायचं, तळघरातले जुने नळ उखडून फेकायचे, झालं. गल्लीतलं शेंबडं पोरही हे सांगे. यादोरावजी ऐकून घेत आणि म्हणत, "पाहू. दिवाळी होऊ द्या." दिवाळी होई. मग म्हणत, "संक्रात होऊ द्या." त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणत असू. काकू एरवी जिभेच्या तिखट. नवऱ्याला म्हणत, "लोकायच्या घरी पाणी वतते अन् आपल्या घरी बेडकं पोसते!" पण नळाची गोष्ट निघाली की त्या उठून चुलीकडे जात. मला वाटे, बाई बोलून बोलून थकली असेल.

आता माझं सांगतो. या नळांच्या कामाच्या आदल्या वर्षी माझी बायको इंदू पहिल्या बाळंतपणाला कारंज्याला भावाकडे निघाली. आई नव्हती तिला, पण माहेर ते माहेर. उन्हाळ्याचे दिवस, मोटारीचे धक्के, वरून झळा. तिथे पोचली आणि सातव्या महिन्यातच सगळं संपलं. या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून बजावलं, "यांना इथून हलवायचं नाही. आणि उन्हापासून जपायचं. समजलं?"

समजलं, पण जपायचं कुठे? दिवस भरत होते ऐन वैशाखात, आणि आम्ही राहत होतो टिनाखाली. आमच्याकडचं ऊन ज्याने खाल्लं नाही त्याला सांगून उपयोग नाही. चैत्रातच माडीवर दुपारी भिंतीला हात लावला की चटका बसे. इंदू ओलं लुगडं दोरीवर टाकून त्याच्याआड पडून राही, आणि ते लुगडं वाळायच्या आत मी दुसरं भिजवी. खालची खोली शोधून शोधून चपला झिजल्या. कुठे पोटुशी बाई नको, कुठे मास्तर नको. मी सरळ सांगतो, मी घाबरलो होतो. पोरांना शाळेत पानिपत शिकवताना माझं लक्ष खिडकीबाहेरच्या उन्हाकडे असे.

एका सकाळी यादोरावजी माडीवर आले. त्यांनी पाणी मागितलं नाही, तेव्हाच मला शंका आली. टिनाकडे पाहिलं, दोरीवरच्या लुगड्याकडे पाहिलं, इंदूकडे पाहिलं. इंदू पदर सावरून बसली.

"पोरी," ते म्हणाले, "तळघर करून टाकतो तुह्यासाठी. वैशाखात बी तिथं माठासारखं थंड राह्यते."

"काकाजी, तिथं तं चिखल हाय," इंदू म्हणाली.

"चिखल नळाचा आहे. नळ हलवून टाकू." एवढं बोलून ते खाली गेले. खालून काकूंचा आवाज आला, "नळ? ... खरंच?" आणि मग बराच वेळ काही आवाज आला नाही. इतक्या वर्षांनी नवरा कामाला लागतो म्हटल्यावर बाईची वाचाच बसली असेल, असं मी इंदूला हसत म्हणालो. इंदू हसली नाही.

दुसऱ्या दिवशी रामाजी मिस्त्री आला. म्हातारा, मुका वाटावा इतका कमी बोलणारा. कुंभाराकडून नवे खापरी नळ आले, चुना भिजत पडला, आणि यादोरावजींनी कामाचा ताबा घेतला. पहिलं म्हणजे सिग्नल ठरले. न्हाणीच्या दारात काकू बादली घेऊन उभ्या. परसाच्या दुसऱ्या टोकाला, बोळाजवळच्या खड्ड्यात मिस्त्री. मध्ये यादोरावजी. एक शिट्टी म्हणजे पाणी सोडा, दोन शिट्ट्या म्हणजे थांबा. हिरवी झेंडी दाखवली की मिस्त्रीने पुढचा नळ बसवायचा.

योजनेत खोट नव्हती. खोट एवढीच की यादोरावजी बोलताना शिट्टी तोंडातून काढत नसत. मिस्त्रीने पहिला नळ अंमळ तिरका बसवला. यादोरावजी खवळले. "अरे रामाजी, हे काय करून राह्यला?" यातल्या 'काय' ला शिट्टी वाजली. काकूंनी बादली सोडली. मिस्त्री खड्ड्यात, बादलीभर पाणी वाहत येऊन डोक्यावर. "अवो, आता नाई!" यादोरावजी ओरडले, पुन्हा शिट्टी, पुन्हा बादली. ते जितके रागावत तितक्या बादल्या येत. काकू दारातून ओरडत होत्या, "पाण्याची गुंडी रिकामी झाली, आता कायनं सोडू?" मिस्त्री खड्ड्यातून निथळत वर आला, डोक्याचा पटका पिळला आणि त्या महिन्यातलं आपलं पहिलं वाक्य बोलला, "बाबूजी, आज माहं आंगधुणं झालं, उद्या येतो."

इंदू माडीच्या खिडकीतून बघत होती. ती इतकी हसली की मला भीती वाटायला लागली. वर्षभरात तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. यादोरावजींनी वर पाहिलं, मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले, आणि मला खात्री आहे, पुढची एक शिट्टी त्यांनी मुद्दाम फुंकली.

काम मात्र चोख. न्हाणीच्या भोकापासून बोळातल्या नालीपर्यंत त्यांनी सुतळी ताणली, ती रेघ कशी, तर पट्टीने मारल्यासारखी. "मास्तर," मला समजावत, "माणूस वाकडा चालन, पण नळ वाकडा चालत नाई. वळण आलं की कचरा बसते. सरळ लाईन, चाळीसाले एक उतार, बस! पोरापोरीचं आंगधुणं गेलं पाह्यजे बोळात भरकन." तळघरातले जुने नळ निघाले. भिंती खरवडल्या. रोज संध्याकाळी मी खाली उतरून भिंतीला हात लावून बघे. ओल मागे हटत होती. माझ्या जिवात जीव येत होता.

बोळाच्या बाजूने खणत खणत मिस्त्री न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीजवळ आला. आणि यादोरावजींनी लाल झेंडी दाखवली.

मी शाळेतून आलो तर काम बंद. सुतळी काढून टाकलेली. त्या जागी खुंट्या ठोकून यादोरावजींनी नवी रेघ आखली होती. ती न्हाणीपासून निघून डावीकडे वळत होती, मोठा वळसा घालून पुन्हा उजवीकडे वळत होती आणि मग पुढे खणलेल्या चराला मिळत होती. सरळ गेलं असतं तर चार कुदळी लागल्या असत्या. मधल्या जमिनीत काहीही नव्हतं. ना झाड, ना दगड. नुसती सारवलेली जागा.

"हे काय?" मी विचारलं.

"कोपराचे नळ लागतीन," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "कुंभाराले सांगतलं. घडवन, वाळवन, भट्टी लावन. आठ-पंधरा दिवस जातीन."

आठ-पंधरा दिवस! माझं डोकं फिरलं. वैशाख दारात. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, आता कधीही. पाणी अजून जुन्या भोकातूनच झिरपत होतं, ते बंद झाल्याशिवाय तळघर सुकणार नव्हतं. आणि हा माणूस मोकळ्या जमिनीला वळसा घालत होता! "यादोरावजी," मी म्हणालो, "नळ वाकडा चालत नाही, हे तुमचंच वाक्य. मग सरळ का जात नाही? काय आहे तिथे?"

ते काहीतरी बोलले. शिट्टी तोंडात. मला ऐकू आलं, "तिथं नळ आहे."

"नळ आहे?" मी ओरडलो. "अहो, जुना नळ आहे तर उखडून फेका ना! त्यात काय सोनं भरलं आहे? एक कुदळ घाला, मी घालतो हवं तर!" आणि मी खरोखरच कुदळ उचलली.

यादोरावजींनी शिट्टी तोंडातून काढली. धोतराच्या सोग्याला पुसली. खिशात ठेवली. मग माझ्या हातातली कुदळ हळूच काढून घेतली आणि घरात गेले. मिस्त्री माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू मी देवळात चपला घालून शिरलो होतो.

मी तणतणत माडीवर आलो. "म्हातारा वेडा झाला," इंदूला म्हणालो. "जुन्या नळासाठी तुझा जीव टांगणीला लावतो!"

इंदू भिंतीला टेकून बसली होती. "कायचा नळ?" तिने विचारलं.

"न्हाणीच्या मागे. म्हणे तिथे नळ आहे."

"अजी, नळ नाई," ती म्हणाली. "नाळ. नाळ हाय तिथं."

मी खालीच बसलो. शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे मूल झालं की त्याची नाळ गाडग्यात घालून घराच्याच जमिनीत, न्हाणीपाशी पुरतात. जिथे नाळ पुरली ती आपली जमीन. माणूस कुठेही जावो, मुळासाठी तिथेच येतो म्हणतात.

"त्यायले एक पोट्टा झालता," इंदू सांगत होती. "वर्षाचा होऊन गेला. तापानं. फोटो नाई काढला कवा, कपडे सारे नदीत सोडले. आता त्याचं म्हणून या दुनियेत तेवढंच हाय. नाली खोदली की तिथवर कुदळ जाईन, म्हून काकाजींनी इतके वर्षं कोणाले हात लावू देल्ला नाई. काकू मले सांगून राह्यल्या होत्या, अन् रडून राह्यल्या होत्या. म्हणे, लोकं हसले, गल्ली हसली, मी बी बोलली, पण ह्यायनं बेडकं पोसली." ती थांबली. "अन् माह्यासाठी कुदळ लावली."

मी जागेवरून उठलो. मला तेव्हा जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. या माणसाच्या मी शाळेत नकला करून दाखवत असे आणि आत्ता मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. पण पाया पडायला गेलो असतो तर त्यांनी पायाखालचा उतार बघितला असता. म्हणून मी सरळ कुंभारवाड्यात गेलो. कुंभाराचे हातपाय जोडले. त्याची भट्टी आधीच रचलेली होती, दोन दिवसांनी पेटणार होती. म्हातारा कुंभार म्हणाला, "यादोरावजीचे नळ? आज घडवतो, उन्हात ठेवतो. असल्या उन्हात दोन दिवसात लोखंड वाळन." ज्या उन्हाने माझी झोप उडवली होती तेच ऊन कामाला आलं. कोपराचे नळ निघाले तेव्हा मी स्वतः ते टोपलीत गवत घालून, डोक्यावर घेऊन आलो. हायस्कुलाचा मास्तर भर बाजारातून डोक्यावर मोरीचे नळ घेऊन चालला, हे पोरांनी पाहिलं आणि पुढे वर्षभर फळ्यावर काढलं.

यादोरावजी परसात खुंट्यांपाशी बसले होते. मी टोपली उतरवली. त्यांनी एक नळ उचलला, आतून डोळा लावून पाहिला, टिचकी मारून आवाज ऐकला.

"पक्का भाजला," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

एवढंच आमचं बोलणं झालं. मग मी सदरा काढून चुना कालवायला बसलो. वळशाचं काम यादोरावजींनी मिस्त्रीला करू दिलं नाही. स्वतः खड्ड्यात उतरले. कुदळ लावली नाही, खुरपीने माती काढली, आणि काढलेली माती मुठीने कडेला ठेवत गेले. मिस्त्री वरून म्हणाला, "बाबूजी, वळसा हातभर जास्त मोठा झाला. आत घ्या थोडा, उतार मरते." यादोरावजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उताराच्या बाबतीत कोणाचं ऐकायची त्यांना सवय नव्हतीच, म्हणून आम्हीही सोडून दिलं. शेवटी काकूंनी बादली सोडली. पाणी वळशावर क्षणभर रेंगाळलं, आणि मग बोळात खळखळ पडलं. काकूंनी न्हाणीतूनच हात जोडले.

तळघर सुकलं. मिस्त्रीने चुना मारला, झरोक्यांना वाळ्याचे पडदे लावले, काकूंनी शेणाने सारवून कोपऱ्यात खाट टाकली. इंदू पहिल्यांदा खाली उतरली, खाटेवर आडवी झाली, आणि अशी गाढ झोपली की संध्याकाळचा चहा तिला दोनदा गरम करून द्यावा लागला. बाहेर रस्त्यावर कुत्रीसुद्धा नव्हती आणि ती पदर अंगावर घेऊन झोपली होती.

वैशाखातल्या एका दुपारी तिथेच आम्हाला मुलगी झाली. मी तळघराच्या पायऱ्यांवर बसून होतो. आधी काही ऐकू येत नव्हतं, मग एकदम टँहा सुरू झालं. काकू धापा टाकत वर आल्या. "पोट्टी झाली, मास्तर! दोघी बी खुशाल हायेत!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मीही तेच करत होतो.

थोड्या वेळाने सुईण भागाबाई वर आली. हातात लहानसं गाडगं, वर फडकं बांधलेलं. "मास्तर," तिने विचारलं, "नाळ कुठी पुराची?"

याचा मी विचारच केला नव्हता. रोहण्याचं घर भावाचं, आणि इतक्या लांब नाळ नेत नाहीत. इथे आम्ही भाडेकरू. भाड्याच्या माडीला जमीन नसते. सुईण गाडगं घेऊन उभी आणि बाप झालेला मास्तर तिच्याकडे बघतोय. माझ्या लेकीची नाळ ठेवायला माझ्याजवळ हातभर माती नव्हती, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, आणि जिवाला लागलं.

न्हाणीच्या मागून यादोरावजी आले. बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. ते माझ्यापासून जरा दूरच थांबले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरात न विचारता पाणी ओतणारा माणूस, पण आत्ता त्यांनी आधी विचारलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमची हरकत नसन तं... तिथं खड्डा करून ठेवला आहे. त्याच्या बाजूले. म्हून वळसा हातभर मोठा घेतलता." ते घुटमळले. "त्याले बी सोबत होईन. लय वर्षं झाले, एकटाच आहे तो तिथं."

मी भागाबाईच्या हातातलं गाडगं घेतलं आणि तसाच उभा राहिलो. तेवढ्यात तळघराच्या झरोक्यातून इंदूचा दमलेला आवाज आला. एरवी ती त्यांना काकाजी म्हणे.

"अजी, उभे काय राह्यले? देऊन टाका ना बाबाच्या हाती."

यादोरावजींनी दोन्ही हात धोतराला स्वच्छ पुसले आणि गाडगं घेतलं.